विठ्ठलरावांची खुर्ची आणि माशाचे पाय

निजामाच्या राज्यात अव्वल तालुकदाराच्या, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य हाकिमाच्या, दरबारी कोणी बसायचं आणि कोणी उभं राहायचं हे ठरलेलं असे. बहुतेकांनी उभंच राहायचं. नांदूरघाटच्या विठ्ठलरावांना मात्र जर्मनच्या लढाईनंतर तिथे खुर्ची मिळाली. शेवटच्या रांगेत, खांबाआड, पण खुर्ची.

त्यांनी सरकारच्या लढाईला माणूस दिला होता. दिला कसा, तर सुग्रीव नावाच्या धनगराची मेंढरं त्यांच्या ज्वारीत शिरली, त्यांनी त्याला जोड्याने बडवलं, आणि तो रागाने पळून हैदराबादला गेला. तिथून निजामाच्या रिसाल्यात सईस होऊन, घोड्यांच्या मागे खरारा घेऊन, थेट मिसर देशात पोचला. यालाच विठ्ठलराव माणूस देणं म्हणत.

पाच वर्षांनी सुग्रीव परतला तो थापांचं गाठोडं बांधूनच. कैसरची मिशी आपण स्वतः भादरली, असं त्याने पारावर सांगितलं. गावाने विचारलं ते एवढंच, की मिशी काळी होती का पिकलेली. विठ्ठलरावांनी हा गुण तेव्हाच हेरला. त्यांनी त्याला तालुकदारापुढे उभा केला, आणि सुग्रीवने शपथेवर सांगितलं, की गोळ्यांच्या पावसात जखमी जरनैलाला खांद्यावर घेऊन तो धावला तेव्हा मोठ्याने ओरडत होता, "इठ्ठलरावाचं मीठ खाल्लं हाय!" तालुकदारांचे डोळे भरून आले. खुर्ची मंजूर झाली.

अशा माणसाने एकदा चुकून खरं सांगितलं आणि गावाने त्याला वेड्यात काढलं.

मिसरच्या वाळवंटात, समुद्राचं नाव नाही अशा जागी, एक गोरा साहेब हातोडी घेऊन हाडं उकरत होता. सुग्रीव त्याच्या घोड्याला पाणी द्यायला गेला होता. हाडं दगड झालेली. चावडीपासून पारापर्यंत पुरेल एवढा पाठीचा कणा. तो देवमासा होता. पण त्याच्या मागल्या दाढा जनावराच्या होत्या, आणि शेपटाकडे हातभर लांबीचे दोन पाय होते, गुडघ्यासकट. साहेबाच्या खानसाम्याने समजावलं, की याचे वाडवडील चार पायांवर जमिनीवर फिरत. मग पाण्यात गेले, तिथेच रमले, आणि पिढ्यान्‌पिढ्या पाय वाळत गेले.

"माशाला पाय!" मुंजाजी म्हणाला. हा विठ्ठलरावांचा पानाचा डबा धरणारा, आणि ते हसले की हसणारा. "मग जोडे कुठून घेत होता बे तो मासा?"

तेव्हापासून पोरंही सुग्रीवला 'मासेपाय' म्हणू लागली. एरवी त्याचं काही बिघडलं नसतं. पण त्या वर्षी विठ्ठलरावांनी ओढ्याकडेचं गायरान गिळलं. भर दुपारी हद्दीचा दगड उपटून पलीकडे रोवला. धनगरांच्या साऱ्या मेंढरांना चरायला तेवढीच जागा होती. ती गेली तर कळप विकून परळीला हमाली करायची पाळी. सरकारी नकाशा होता, त्याला वाळवी लागलेली. दगड उपटताना पाहणारा माणूस एकच, बाभळीखाली पहुडलेला. सुग्रीव.

चौकशीला तहसिलातून जमिनीची पाहणी करणारे गिरदावर साहेब येणार म्हटल्यावर सुग्रीवची थोरली बहीण बायनाबाई त्याच्यापुढे येऊन बसली.

"इठ्ठलराव माशाचं इचारणार अन तुजी गवाही बुडवणार. थट्टा केल्ती म्हन."

"न्हाई म्हननार."

"कावून? कैसरची मिशी भादरतूस, अन येवढं बोलाय तोंड दुखतंय?"

"आक्का, मिशीबिशी समदं काढून घ्या. मी तितं खरारा केला अन लीद उचलली. पाच वर्सांत डोळ्यानं बगण्याजोगं तेवढंच बगितलं. ते बी न्हाई म्हनू?"

"आन मेंढरं काय वाळू खातील?"

सुग्रीवने काठी उचलली आणि तो मेंढरांकडे निघून गेला.

चावडीत गिरदावर लोडाला टेकून बसले. सुग्रीवने दगडाची हकीकत सांगितली, आणि आश्चर्य म्हणजे जेवढी होती तेवढीच सांगितली. मग विठ्ठलराव उठले.

"हुजूर, या गवाहाला एकच पुसतो. का बे, माशाला पाय असत्यात?"

चावडी आधीच हसू लागली. सुग्रीवने बहिणीकडे पाहिलं. तिने पदराआडून हात जोडले.

"त्या माशाला होते," तो म्हणाला.

बायनाबाईने कपाळावर हात मारला. मुंजाजी तर हसताहसता डब्यावर आडवा झाला.

"बघा!" विठ्ठलराव म्हणाले. "अहो, प्रत्यक्ष देवानं मत्स्यावतार घेतला तर त्यानं बी पाय ठेवले न्हाईत, अन हा देवाच्या वर चाललाय! जन्माचा खोटारडा. याचा एक शबुद खरा धरू नका."

गिरदावरांनी पानाची पिचकारी टाकली. हा गृहस्थ फार न्यायी होता असं नाही. मात्र अठ्ठावीस वर्षं तो तालुकदाराच्या त्याच दरबारात पायांना मुंग्या येईपर्यंत उभा राहिला होता, आणि खांबाआडची ती खुर्ची आल्यापासून दर वेळी त्याच्या डोळ्यांत खुपत होती.

"एकही शब्द नाही?" त्यांनी मऊ आवाजात विचारलं.

"एक बी न्हाई, हुजूर."

"मग तो जरनैल? ते मीठ? तो जबाब मीच उतरवला होता, राव. हा झूटा असेल तर मला आजच वर कळवावं लागेल. खुर्ची उचलून नेतील. शिवाय तालुकदार साहेब त्या दिवशी रडले होते. फुकट रडवलं म्हटल्यावर त्यांना काय वाटेल?"

विठ्ठलरावांनी एकदा खिडकीतून गायरानाकडे पाहिलं. शंभर बिघे हिरवं रान. मग डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे त्यांना काय दिसलं असेल ते सांगायला नको. शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाला रान दिसत नाही.

"हुजूर," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "गवाह सच्चा हाय."

"आणि मासा?"

"माशाला... पाय असत्यात."

"मुंजाजी, तू काय म्हणतोस?"

"असत्यात की!" मुंजाजी म्हणाला. "लई असत्यात."

दगड त्याच संध्याकाळी जुन्या जागी गेला आणि मेंढरं ओढ्याला लागली.

विठ्ठलरावांची मात्र पंचाईत झाली. पुढच्या दरबारात तालुकदारांनी त्यांना खांबाआडून पुढे बोलावून माशाची हकीकत विचारली, कारण गिरदावराने ती जिल्हाभर केली होती. विठ्ठलरावांनी ती इतकी रंगवली, की त्यांना दुसरी रांग मिळाली. तेव्हापासून ते चौसाळ्याच्या बाजारात, लग्नाच्या मांडवात, दिसेल त्याला मासा सांगू लागले. दर वेळी एखादा पाय वाढायचा. सध्या सहावर आले होते, आणि मासा दौडत होता.

सुग्रीव मांडवाच्या कडेला उभा राहून ऐकायचा आणि जळफळायचा.

"दोनच हुते वो, राव! अन त्यायनं चालता बी येत नव्हतं!"

"गप बे," मुंजाजी त्याला म्हणायचा. "तुला काय कळतंय माशातलं?"