शामरावांनी सांगितलेला आकडा

माणसं रिटायर झाली की आधी एक आरामखुर्ची घेतात. देवराव ठवकरांनी जुनी सायकल विकून नवी घेतली. उभी हयात भिलाईच्या पोलाद कारखान्यात, रोलिंग मिलमध्ये काढलेला गडी सत्तरीकडे झुकला तरी दर रविवारी पहाटे कॅरियरला पिशवी बांधायचा आणि नंदिनी रोडनं थेट अहिवाऱ्याला लेकीकडे निघायचा. रिसालीतले अर्धे म्हातारे त्यांना वेडा म्हणायचे, उरलेले अर्धे मनातल्या मनात जळायचे.

लेकीचा, नलूचा नवरा तिकडे चुनखडीच्या खाणीवर नोकरीला होता. बायको गेल्यापासून देवरावांचा सगळा आठवडा त्या एका रविवारावर टांगलेला असायचा. नात गुलाब जेमतेम बोलायला लागलेली. शेजारणींच्या संगतीनं ती छत्तीसगढीच बोलायची, आणि आजोबा तिला सायकलच्या पुढच्या दांडीवर बसवून अंगणाला चकरा मारत मराठी शिकवायचे. लेकीच्या मते यानं पोरगी दोन्ही भाषा बिघडवून बोलायला लागली होती.

शामराव त्यांचे शेजारी आणि चाळीस वर्षांचे दोस्त. दोघं भंडाऱ्याकडचे, एकाच साली भिलाईत आलेले, रिसालीत प्लॉटही भिंतीला भिंत लावून घेतलेले. शामराव सेफ्टी डिपार्टमेंटात क्लर्क होते, कामगारांना फर्स्ट एडचे धडे द्यायचे. गुडघे गेले आणि त्यांची सायकल सुटली. मग ते सकाळी नुसते पुलियावर, नाल्यावरच्या छोट्या पुलाच्या कठड्यावर, बसून राहायचे. नागपूरच्या पुतण्यानं त्यांना पाऱ्याचं बीपी मशीन आणून दिलं तेव्हा मात्र म्हाताऱ्यात जीव आला. पुलियाचा दवाखाना झाला. येणाऱ्या जाणाऱ्या पेन्शनरला शामराव दंडाला पट्टी गुंडाळायचे, मीठ कमी कर म्हणायचे, रोज चाल म्हणायचे. लोक ऐकायचेही. चार जणांची पोटं आत गेली, हे कबूल करायला हवं.

एके दिवशी त्यांनी देवरावांचा दंड धरला. फुगा दाबला, पारा पाहिला, पुन्हा दाबला. मग कानातल्या नळ्या काढून, पांढऱ्या ओठांनी, पडलेल्या आवाजात म्हणाले, “देवराव, तुहा वरचा आकडा चांगला नाई. सायकल बंद कर बापा.”

देवरावांना काहीच होत नव्हतं. ना चक्कर, ना धाप. पण शामराव म्हणाले की हाच या बिमारीचा डाव आहे, माणसाला कळतच नाही. हॉस्पिटलात जाऊ का विचारलं, तर म्हणाले की गोळ्या एकदा सुरू झाल्या की मरेपर्यंत सुटत नाहीत, आधी आरामानं उतरवून पाहू. बसचे हेलकावे सायकलीपेक्षा वाईट, असंही सांगितलं. चाळीस वर्षांचा दोस्त सांगतोय म्हटल्यावर देवरावांनी मान डोलावली आणि सायकल खोलीत भिंतीला टेकवली.

दुखणं एकदा डोक्यात शिरलं की अंगात उतरायला वेळ लागत नाही. देवरावांना जिना चढताना खरंच गरगरायला लागलं. पिंढऱ्या सैल पडल्या. अळणी खिचडी खाऊन तोंडाची चव गेली. रोज सकाळी ते शामरावांच्या शेजारी पुलियावर बसायचे. शामराव थर्मासमधून चहा पाजायचे, मधूनच पट्टी गुंडाळायचे आणि म्हणायचे, अजून थोडा वर आहे, घाई नको करू. शामरावांची बायको कौशल्या बिनमिठाची भाजी वेगळी काढून पाठवायची. असा दोस्त मिळायला नशीब लागतं, हे देवराव ज्याला त्याला सांगत सुटले होते.

नलू अधूनमधून येऊन जायची. उन्हाळ्यानंतर आली तेव्हा गुलाबनं आजोबांकडे पाहिलं आणि आईच्या पदरात तोंड लपवलं. त्या रात्री देवरावांना जेवण गेलं नाही. आणि दिवाळीच्या सुमारास जावयाची बदली झाली, पार ओरिसातल्या खाणीवर.

निघायच्या आदल्या दिवशी जावयानं म्हाताऱ्यासाठी जीप पाठवली. नलूनं वडिलांचे हाडकलेले हात पाहिले आणि शेजारच्या डॉक्टरला बोलावून आणलं. डॉक्टरनं दोन्ही दंडांवर मोजलं, कोणती गोळी घेता विचारलं, एकही नाही ऐकल्यावर परत मोजलं. मग हसून म्हणाला की काका, तुमचं बीपी माझ्यापेक्षा चांगलं आहे, तुम्हाला सायकल सोडायला सांगितलं कुणी?

देवरावांना एवढा आनंद झाला की राग यायचं राहूनच गेलं. उद्या सायकलवर येतो आणि तुला दांडीवर बसवून फिरवतो, असं त्यांनी गुलाबला कबूल केलं. परतीच्या वाटेवर ते शामरावांचीच वकिली करत होते. मशीन जुनं झालं असेल, पारा सांडला असेल, रबर सैल पडलं असेल. बिचाऱ्याला कळलं तर किती वाईट वाटेल, हीच त्यांना काळजी.

सकाळी त्यांनी सायकलमध्ये हवा भरली आणि जाता जाता शामरावांच्या ओट्यावर थांबले. कौशल्या चहा घेऊन आली होती. देवराव हसत म्हणाले की शामराव, तुझं मशीन दुरुस्तीला टाक, ते खोटं बोलतं.

कौशल्यानं कप खाली ठेवला. “मशीन कायले खोटं बोलीन भाऊजी? परवाच दवाखान्यात माह्यं बीपी पाहिलं. यायनं सांगतलं होतं तोच आकडा निघाला.”

बोलून तिनं नवऱ्याकडे पाहिलं, आणि पदर सावरत आत निघून गेली.

देवरावांना सगळं समजलं होतं, तरी ते वाट पाहत उभे राहिले. दोस्तानं नाही म्हणावं, काहीही म्हणावं.

“तू सायकल घेऊन निघून जात होता, अन् मी इथं एकटा बसून राहत होतो,” शामराव म्हणाले. “पहिल्या दिवशी सहज बोलून गेलो. मंग तू रोज बाजूले बसू लागला. मले सांगवलं नाई.”

भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात, ते देवरावांनी आजवर दुसऱ्यांच्या बाबतीत म्हटलं होतं. वैऱ्यानं मारलं असतं तर त्यांनी उलटून मारलं असतं. यानं तर चहा पाजून केसानं गळा कापला होता. गेलेले सगळे रविवार एकदम डोळ्यांपुढे आले, आणि पदरात लपलेलं ते छोटं तोंड.

“‘मले करमत नाई’ एवढं म्हटलं असतं तं मी थांबलो असतो बे,” ते म्हणाले. “माही पोरगी आज गाव सोडून चालली.”

शामरावांनी त्यांचा लाल झालेला चेहरा पाहिला, घाईनं मशीन ओढलं आणि दंडाला पट्टी गुंडाळली. देवरावांनी गुंडाळू दिली. इतक्या दिवसांची सवय, बाही आपोआप वर गेली. फुगा दाबला गेला, पारा चढला. शामरावांनी पुन्हा दाबला. त्यांचे ओठ पांढरे पडले.

“देवराव, खाली बस. आकडा लय वर गेला. तुही शपथ, आज खरं सांगून राहिलो.”

देवरावांनी त्या चेहऱ्यात नीट शोधलं. पहिल्या दिवशीही हाच चेहरा होता. हीच काळजी, हेच पांढरे ओठ, हाच पडलेला आवाज. कुठेच काही फरक सापडेना. त्यांनी पट्टी सोडली, घडी घालून शामरावांच्या मांडीवर ठेवली आणि सायकलवर टांग टाकली.

नंदिनी रोडला लागेपर्यंत मानेच्या मागे ठोके पडत होते. ते खरे होते की शामरावांनी डोक्यात घातलेले, हे देवरावांना कळत नव्हतं. असं काही झालं की ज्याला विचारायचं तो एकच माणूस होता, आणि तो मागे ओट्यावर उभा राहून त्यांना हाका मारत होता. देवरावांनी पॅडल आणखी जोरात मारलं.