हाल्वरच्या हातचं मेण

बाबाचा उजवा गुडघा म्हणजे आमच्या गावाची वेधशाळा होती. रेडिओवर काहीही सांगोत, मार्चमधल्या स्टोरकोलच्या स्की-शर्यतीच्या आदल्या दिवशी अख्खं वेस्लेली एकच प्रश्न विचारायचं, "हाल्वर, गुडघा काय म्हणतो?" गुडघा ठणकत असेल तर हवा उबदार होणार, म्हणून लाल मेण. नुसताच कुरकुरत असेल तर जांभळं. मुकाट असेल तर कडाक्याची थंडी, निळं. हे मेण स्कीच्या मधोमध, पावलाखाली लावायचं असतं. बरोबर लागलं तर पाय दाबला की ते बर्फ धरतं आणि उचलला की सोडतं, स्की पुढे पळते. चुकलं की दोनच गोष्टी होतात. एक तर माणूस चढावर मागे घसरतो, नाहीतर बर्फाचे गोळे तळाला चिकटून तो उंच टाचांच्या चपला घातल्यासारखा चालायला लागतो. अठ्ठावीस किलोमीटर असं चालून बघा, म्हणजे आमच्याकडे सख्खे भाऊ मेणावरून का भांडतात ते कळेल.

चाळीस वर्षं तो गुडघा चुकला नाही. मग तो झिजला, डॉक्टरांनी काढून टाकला आणि त्या जागी धातूचा बसवला.

धातूला हवामान कळत नाही हे शेंबड्या पोरालाही समजेल. बाबाला नाही समजलं. "नवा गुडघा तर एकदम शांत आहे," तो त्या मार्चमध्ये ऐटीत म्हणाला. "म्हणजे थंडी. निळं!" आणि त्यानं गावातल्या चाळीस जणांच्या स्कींना स्वतःच्या हातानं निळं मेण लावलं. दुसऱ्या दिवशी छपरांवरून पाणी ठिबकत होतं. पहिल्याच चढावर आम्ही चाळीस जण एकमेकांच्या अंगावर घसरत खाली आलो. बोर्गहिल्ड, पासष्ट वर्षांची, सगळी हयात गावाचं पोस्ट सांभाळलेली आणि तोंडानं भयंकर फटकळ, थेट माझ्या मांडीवर येऊन बसली.

"टूरीड," ती म्हणाली, "तुझ्या बापाचा मेंदू गुडघ्यात होता. तो डॉक्टरांनी काढून घेतला."

शेवटच्या रेषेपाशी बाबा खुर्चीवर घोंगडी घेऊन बसला होता, हातात कुबडी. आई त्याच हिवाळ्यात गेली होती. "पकड कशी होती?" त्यानं विचारलं. मी तोंड उघडलं, खरं सांगायलाच उघडलं. पण त्याआधी बोर्गहिल्डनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ही बया चक्क म्हणाली, "झकास! मांजरासारखी!"

बसलं मग ते खोटं आमच्या मानगुटीवर.

पुढच्या वर्षी शर्यतीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, पुन्हा सगळे केक, वाफल, कॉफीचे थर्मास घेऊन मेण लावून घ्यायला बाबाच्या शेडसमोर हजर. दुसरीकडे जाणं सगळ्यांच्याच जिवावर आलं. शेवटी तोडगा बोर्गहिल्डनंच काढला. आमची शर्यत गोठलेल्या तळ्यावरून सुटते. तिथे सगळं सपाट. सपाटीवर कुणी पाय मारत नाही, दोन्ही काठ्या एकदम रोवून अंग पुढे ढकलायचं असतं, त्यामुळे मेण चांगलं की वाईट हे कळतच नाही. तळं संपलं की वाट झाडीत उजवीकडे वळते आणि लगेच चढ लागतो. त्या वळणामागे काय चाललंय ते सुरुवातीच्या रेषेवरून दिसत नाही. तिथे थांबायचं, बाबाचं मेण पट्टीनं खरवडायचं, नवं लावायचं, बुचानं घासायचं आणि निघायचं. आठ मिनिटं जायची. वेस्लेलीची माणसं पहिल्याच किलोमीटरला दमतात, असं शेजारच्या गावात म्हणायला लागले. म्हणू देत.

दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग यंदा जानेवारीत, रविवारच्या कॉफीला, बाबानं ब्रेडवर तपकिरी चीजची चकती ठेवता ठेवता सांगितलं, "डॉक्टर म्हणतोय आता हरकत नाही. मी यंदा उतरतोय शर्यतीत."

मी हातातला ब्रेड खाली ठेवला.

"चौऱ्याहत्तराव्या वर्षी?"

"त्र्याहत्तराव्या. वाढदिवस एप्रिलमध्ये आहे."

मी शाळेची बस चालवते. उतारावर बर्फात बस आडवी झाली तरी माझा हात हलत नाही. पण त्या दिवशी मी घरी येऊन दोनदा चहा सांडला. त्या एका शुक्रवारखेरीज बाबाकडे आता राहिलं काय होतं? आई नाही, गाई विकून झालेल्या, जंगलातलं काम सुटलेलं. वर्षातून एक दिवस गाव त्याच्या दारात रांग लावायचं आणि तो दहा वर्षांनी तरुण व्हायचा. वळण घेऊन तो आला आणि आम्हाला खरवडताना पाहिलं, तर तो पुन्हा त्या शेडचं कुलूप काढणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. माझा बाप आहे तो. रागावला तर बोलतो, पण दुखावला तर गप्प होतो, आणि त्या गप्प बसण्याला तळ नसतो.

मी बोर्गहिल्डकडे गेले. "खरं सांगून टाकायचं का?"

"सांग की. बाप तुझा आहे."

"झकास तू म्हणालीस!"

"मग काय म्हणू? रडका चेहरा करून बसला होता." तिनं नाक पुसलं. "हे बघ, शर्यतीच्या समितीत मी आहे. यंदा सत्तरीवरचे सगळ्यात शेवटी सोडायचे. अर्ध्या तासानं. तोवर आपण खरवडून पसार."

दरवर्षी म्हातारे सगळ्यांच्या आधी सुटतात. बाबा यावरून आकांडतांडव करणार म्हणून मी तयारीत होते. त्यानं नुसतं "बरं" म्हटलं. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

शुक्रवारी शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. रांगेत सगळ्यात पुढे यूस्टाइन, दोन वर्षांपूर्वी ऑस्लोहून आलेला दातांचा डॉक्टर. त्याचं सामान बघावं तर जगज्जेत्याचं आणि पोट बघावं तर नाताळ नुकताच संपल्यासारखं. काठ्या इतक्या हलक्या की वाऱ्यानं उडतील. बाबानं त्याची स्की हातात घेतली, डोळ्यासमोर आडवी धरून पाहिली.

"ही तुझ्यापेक्षा हलक्या माणसाची आहे. असो. तू चढावर काठ्यांना लोंबकळतोस. पायावर उभा राहायला शीक. नाक, गुडघा आणि पायाचा अंगठा, तिन्ही एका रेषेत. एका पायावर पूर्ण भार, मग दुसऱ्यावर. मध्येच घुटमळायचं नाही."

मग त्यानं धातूच्या गुडघ्यावर हात ठेवला, डोळे मिटले.

"जांभळं," तो म्हणाला.

यूस्टाइन माझ्या कानाशी आला. "मोबाइलवर उद्या शून्य दाखवतंय. लाल लागेल." मी त्याच्या पायावर पाय दिला.

बाबा त्या दुपारी फार सावकाश काम करत होता. पातळ थर, बूच, पुन्हा पातळ थर, पुन्हा बूच. "जाड थर हे आळशी माणसाचं काम," असं प्रत्येकाला सुनावत होता. इतकं सुंदर लावलेलं मेण उद्या खरवडायचं, या विचारानं मला त्याच्याकडे बघवेना.

शनिवारी सकाळी बंदुकीचा बार झाला आणि आम्ही तळ्यावरून सुटलो. मागे वळून पाहिलं तर बाबा छातीवर नंबर बांधून दोरीपलीकडे उभा होता, हात हलवत. वळण घेताच सगळे थांबले. स्की निघाल्या, पट्ट्या निघाल्या. झाडावर टांगलेल्या थर्मामीटरवर बरोबर शून्य होतं.

"माझी पकड लागल्यासारखी वाटतेय," यूस्टाइन दोन पावलं चढावर टाकून म्हणाला.

"भावनेच्या भरात येऊ नकोस," बोर्गहिल्ड ओरडली. "खरवड!"

त्यानं बिचाऱ्यानं खरवडलं. चाळीस जणांनी खरवडलं. जांभळ्या सालपटांचा सडा पडला. मी डाव्या स्कीचं संपवून लाल लावलं, उजवी हातात घेतली आणि मागून काठ्यांचा आवाज आला. टक, टक, टक, एका लयीत.

बाबा अर्धा तास थांबलाच नव्हता. गुडघा गारठतोय म्हणून त्यानं सोडणाऱ्याला पटवलं आणि तो निघाला होता, हे नंतर कळलं.

तो वळणावर आला. चाळीस माणसं, घट्ट रंगीत कपड्यांत, कमरेत वाकलेली, हातात पट्ट्या. यूस्टाइननं आपली पट्टी पाठीमागे लपवली. मला वाटलं, आत्ता इथल्या इथे बर्फानं मला गिळून टाकावं. "बाबा," मी म्हटलं, "आम्ही जरा..."

"दिसतंय," बाबा म्हणाला.

तो थांबला नाही. आमच्या मधून गेला आणि चढाला लागला. एक पाऊल, दुसरं, तिसरं. प्रत्येक पावलाला स्की बर्फ धरत होती आणि सोडत होती. एकदाही मागे आली नाही. चढाच्या माथ्यावर जाऊन तो वळला आणि मग त्याचा आवाज झाडीत घुमला.

"गुडघ्याला विचारून नाही लावलं यंदा! काल पहाटे स्कीची वाट आखणाऱ्या मशीनवर बसून वर पठारावर गेलो आणि बर्फात थर्मामीटर खुपसून आलो! इथे शून्य असेल, वर उणे पाच आहे, गाढवांनो!"

आणि तो दिसेनासा झाला.

आम्ही खाली पाहिलं. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं मेण आमच्या पायाशी सालपटं होऊन पडलं होतं. बोर्गहिल्ड बर्फात बसली आणि तिला असं हसू फुटलं की तिला उठवायला दोघे लागले.

जांभळी डबी कुणीच आणली नव्हती, सगळ्यांच्या खिशात लालच होतं. वर खरंच उणे पाच होतं. लाल मेणाला बर्फाचे गोळे चिकटले आणि स्टोरकोलच्या पठारावर चाळीस जण खांबांवर चालणाऱ्या सर्कशीतल्या माणसांसारखे डुलायला लागले. शेजारच्या गावची माणसं आम्हाला ओलांडताना सहानुभूतीनं मान डोलवायची, तेही सहन केलं. माझी गत आणखीच मजेशीर. उजव्या स्कीवर बाबाचं जांभळं तसंच होतं. उजवा पाय पळायचा आणि डावा त्याला ओढून धरायचा. एका पायानं बापाचं ऐकलं होतं, दुसऱ्यानं गावाचं.

मी पोचले तेव्हा बाबा घोंगडी पांघरून ब्लूबेरीचं गरम सूप पीत होता. वेस्लेलीतून पहिला. माझ्या चेहऱ्याला घाम, बर्फ आणि लाज असं सगळंच चिकटलेलं.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"गेल्या मेपासून. डॉक्टरनं रोज चालायला सांगितलं होतं. बर्फ वितळला आणि वळणामागे झाडाखाली हे सगळं वर आलं. निळं, लाल, जांभळं. माझ्याच डब्यांतलं मेण मी ओळखणार नाही? शिवाय तुझी पट्टी सापडली. नाव मीच कोरलंय तिच्यावर."

"मग बोलला का नाहीस?"

"दोन दिवस फार राग होता. सगळी सालपटं नेऊन बोर्गहिल्डच्या पत्रपेटीत कोंबणार होतो." त्यानं सूपचा घोट घेतला. "मग तिसऱ्या दिवशी तिथेच बुंध्यावर बसलो आणि डोळ्यासमोर तुम्ही आलात. गोठलेली बोटं, नाक गळतंय, शर्यत चाललीय आणि चाळीस माणसं झाडीत लपून वाकलीयत. का, तर एका म्हाताऱ्याचं तोंड पडू नये म्हणून. मला रडू आलं, टूरीड. तुझी आई गेली तेव्हा जे आलं नव्हतं तेही आलं."

मी त्याच्या घोंगडीत तोंड खुपसलं. तिथूनच म्हटलं, "पण काल सांगायचंस ना. आम्ही खरवडलं नसतं."

"सांगितलं असतं तर विश्वास ठेवला असतास?"

मी घोंगडीच्या टोकानं नाक पुसलं.

"आणि खरं सांगू?" तो हळूच म्हणाला. "सगळा हिवाळा वरच्या ट्रॅकवर गुपचूप सराव केलाय. मलाही एकदा तुम्हा सगळ्यांना मागे टाकायचं होतं."

एकेक जण पोचायला लागले. कुणी बाबाच्या नजरेला नजर देईना. यूस्टाइन बुटाच्या नाड्यांशी नको इतका वेळ खेळत होता. मग बोर्गहिल्ड आली. शेवटचे तीन किलोमीटर ती स्की खांद्यावर टाकून चालत आली होती. ती थेट बाबासमोर येऊन उभी राहिली. आता काहीतरी जहरी बोलणार म्हणून मी पुढे झाले. तिनं स्की खाली उतरवल्या आणि त्याच्यापुढे धरल्या.

"काढ हे लाल," ती म्हणाली. "आणि तुझं लाव. मला घरी स्कीवरून जायचंय."

बाबानं घोंगडी बाजूला केली, खिशातून जांभळी डबी काढली आणि स्की मांडीवर घेतली. शर्यत संपली होती. मेणाची गरज आता कुणालाच नव्हती. मी बोर्गहिल्डच्या मागे जाऊन उभी राहिले. माझ्यामागे यूस्टाइन आला, त्याच्यामागे बाकीचे. दमलेले, भिजलेले, एकही जण हॉलमधल्या गरम कॉफीकडे गेला नाही. बाबा थकला होता, तरी त्यानं घाई केली नाही. पातळ थर, बूच, पुन्हा पातळ थर.