दुभाषिणीचं ताट

“अमेरिकेत पाय वाढतात का गं, की आमच्या सपाता आटल्या?” इशिगामी फुमिकोंनी खोलीच्या दारातच विचारलं.

मार्सी हॉलबर्गच्या टाचा वृद्धाश्रमाच्या सपातांबाहेर चार-चार बोटं लोंबत होत्या. दुभाषी म्हणून आलेल्या कुरिहारा मित्सुयोने प्रश्न इंग्रजीत सांगितला. मार्सी खळखळून हसली. मित्सुयोही हसली, पण वरवरच.

कारण मार्सी कशाला आली आहे, हे तिला गाडीतच कळलं होतं.

“बाबा जाऊन अकरा वर्षं झाली,” मार्सी म्हणाली होती. “त्या बाईंचे आभार मानायचे राहिले, एवढंच शेवटी घोकत होते. त्या जेवणाच्या वेळी दुभाषी तुम्हीच होतात ना? मग तुम्हाला ठाऊकच आहे.”

मित्सुयोला ठाऊक होतं. पस्तीस वर्षं दुसरं काही ठाऊक असल्यासारखं वाटलंच नव्हतं.

तेव्हा ती एकोणतीस वर्षांची, नगरपालिकेत कारकून. इंग्रजी रेडिओवरून शिकलेली, भांडी घासता घासता. अमेरिकेतल्या एका लहानशा गावाशी भगिनी-शहराचं नातं जुळलं आणि तिला पाहुण्यांमागे बसवण्यात आलं. साहेबांनी एकच गोष्ट बजावली होती, “कुरिहारा, काही वाकडं निघालं, तर मऊ करून सांग. माणसं जोडायला बसलोय आपण.”

मार्सीचे वडील ग्लेन हॉलबर्ग तिथले महापौर. सह्या झाल्या, जेवण सुरू झालं, आणि म्हातारा एकदम उठून उभा राहिला. तो एकच वाक्य बोलला आणि मित्सुयोकडे बघत राहिला. चाळीस माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती. मधोमध वाढायला उभ्या होत्या महिला मंडळाच्या अध्यक्षा फुमिको, हातात शुभकार्याचा लाल भात.

मित्सुयोने सांगितलं, “या गावाशी माझं जुनं नातं आहे, असं म्हणतात.”

टाळ्या पडल्या. फुमिकोंनी वाकून महापौरांची वाटी पुन्हा भरली. म्हातारा लहान मुलासारखा रडला. ‘किती हळवा माणूस!’ म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं.

ते न सांगितलेलं वाक्य तेव्हापासून मित्सुयोच्या मानगुटीवर बसलं. दात घासताना यायचं, किटलीच्या शिट्टीत यायचं. नवरा वारला त्या दिवशी, लोक भेटायला बसलेले असतानाही आलं. दर उन्हाळ्यात तिकडची मुलं इकडे यायची, इकडची तिकडे जायची. फुमिकोंनी स्वतःच्या घरी अकरा मुलं ठेवून घेतली, त्यांना काड्यांनी जेवायला शिकवलं. मित्सुयो प्रत्येकाला स्टेशनावर घ्यायला जायची, आणि तो फलाट आपल्या खोटेपणावर उभा आहे असं तिला वाटायचं.

“बसा, बसा. आज स्वयंपाकघरात सांगून लाल भात करवून घेतलाय,” फुमिको म्हणाल्या. “ब्याण्णव वर्षांच्या बाईचं दोन गोष्टींत सगळे ऐकतात, भात आणि औषध.”

तीन वाट्या भरल्या गेल्या. भाताचा डबा झाकण लावून फुमिकोंच्या हाताशी राहिला. मार्सीने नीट, चवीने खाल्लं. मित्सुयोची वाटी तशीच. दुभाषी काम करताना जेवत नाही. तोंड दुसऱ्यांना दिलेलं असतं.

मार्सीने काड्या खाली ठेवल्या. “त्यांना सांगा,” ती म्हणाली, “बाबांनी उभं राहून कबूल केलं, आणि तुम्ही एक शब्दही न बोलता त्यांची वाटी पुन्हा भरलीत. त्या वाटीवर ते चोवीस वर्षं जगले. मुलांना इकडे पाठवायचं, त्यासाठी गावाशी भांडायचं, ते सगळं त्या वाटीमुळे. ‘मला माफ केलंय त्यांनी,’ असं म्हणायचे.”

मित्सुयोने सांगितलं. एकही शब्द न गाळता.

“कबूल केलं? काय कबूल केलं?” फुमिकोंनी विचारलं.

पुन्हा मऊ करून सांगता आलं असतं. शब्द जिभेवर तयारही होता. मित्सुयोने मांडीवरचे हात घट्ट धरले आणि दुभाषी बोलतात तसं, समोरच्याचा ‘मी’ आपल्या तोंडात घेऊन ती म्हणाली,

“पंचेचाळीसच्या जुलैत, ज्या रात्री तुमचं गाव जळलं, त्या रात्री वर आलेल्या विमानांपैकी एकात मी होतो.”

आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. मेलेला माणूस खोलीत येऊन बोलून गेला होता.

फुमिकोंनी आपली वाटी बाजूला सारली. “आणि तेव्हा तू काय सांगितलंस?”

“जुनं नातं आहे, म्हणून.”

“जुनं नातं.” फुमिको कोरडं हसल्या. “तसं खोटं नाही म्हणता येत.”

“इशिगामी-सान, मी...”

“थांब. सांगितलं असतंस, तर मी वाटी भरली नसती. भात त्याच्या अंगावर फेकला असता कदाचित. त्याचं बरंच झालं म्हणायचं.” त्या खिडकीकडे वळल्या. “पण मग मी त्याला एक गोष्ट विचारली असती.”

“काय?”

“वरून नदी दिसत होती का? माझा धाकटा भाऊ इसामू सात वर्षांचा होता. नदीकडे चल, असं मीच म्हटलं त्याला. सगळे तिकडेच पळत होते. तो नदीतून परत आला नाही. आग इतकी होती की आम्हाला एकमेकांचे डोळे दिसत होते. मग वरच्यांना नदीतली माणसं दिसत असतील की नाही? एवढंच. हे सांगू शकणारा एकच माणूस माझ्या हातचं जेवून गेला, आणि मी त्याला ‘अजून घ्या’ म्हणत राहिले.” त्यांनी मार्सीकडे मान वळवली. “हिला विचार.”

मित्सुयोने विचारलं. त्याआधी तिने मार्सीलाही सगळं सांगितलं. ती वाटी माफीची नव्हती, नुसती पाहुणचाराची होती, आणि याला जबाबदार आपण आहोत, हेसुद्धा.

मार्सीचा चेहरा हळूहळू विझत गेला. “म्हणजे बाबा उगाचच...” तिने वाक्य सोडून दिलं. मग मान हलवली. “त्या रात्रीबद्दल ते घरी कधीच बोलले नाहीत. मला माहीत नाही.”

“माहीत नाही म्हणतात,” मित्सुयो म्हणाली.

“मऊ करून सांगतेयस?”

“नाही.”

फुमिकोंनी मान डोलावली. खाली कुणीतरी चाकाची खुर्ची ढकलत नेत होतं. मग त्यांचं लक्ष मित्सुयोच्या वाटीकडे गेलं.

“त्या दिवशीही तुझं ताट जसंच्या तसं परत आलं होतं. मला वाटलं, नगरपालिकेच्या पोरीला माझ्या हातचं रुचलं नाही. राग आला होता मला तुझा.” त्यांनी वाटी बोटाने पुढे सरकवली. “तुझं बोलून झालंय आता. खा.”

मित्सुयोने काड्या उचलल्या. पाहुण्यांसमोर ती आयुष्यात पहिल्यांदाच जेवत होती. भात गार होऊन कडक झाला होता. ती एकेक घास चावत राहिली, आणि दोघी तिच्याकडे बघत राहिल्या.

मार्सीची वाटी रिकामी होती. फुमिकोंचा हात डब्याच्या झाकणावर होता. झाकण अजून उघडलं नव्हतं.