कोरा फोटो

का हो, जी वस्तू एके काळी कुणाला फुकटही नको होती, तिला हात लावायची आज चोरी का व्हावी?

मी एका जुन्या कॅमेऱ्याची लेन्स बोलतेय. आम्ही सगळ्या बहिणी जन्मतःच खोड घेऊन आलो. आमच्यातून काढलेला फोटो थोडा पुसट आणि कडेला तर धूसरच यायचा. तक्रारी वाढल्या, तशा कारखान्याने आम्हांला परत मागवून फोडून टाकलं. माझ्या फोटोवाल्याने मात्र मला परत धाडलंच नाही. "हिच्यातून सुरकुत्या दिसत नाहीत. गिऱ्हाइकं खूश!" असं तो म्हणायचा.

आता माझ्यासारखी शोधूनही सापडत नाही, म्हणून माझा भाव आभाळाला टेकलाय. मी काही सुधारले नाही हो! होते तशीच आहे. बहिणी उरल्या नाहीत, एवढंच माझं कर्तृत्व.

फोटोवाल्याची एक युक्ती होती. माणूस लाजरा असला, की कॅमेऱ्यात फिल्मचा रोल भरण्याआधीच तो एकदा खटका दाबायचा. त्याला तो 'कोरा' म्हणायचा. झालं एकदाचं, असं वाटून माणूस सैल पडायचा. मग खरा फोटो. त्याची बायको पडद्याआडून हे रोज बघायची. तिचा फोटो तेवढा राहून गेला. "तू काय, घरचीच. काढू की!" असं म्हणता म्हणता स्टुडिओ बंद पडला आणि तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले.

तिच्या ऑपरेशनसाठी मुलाने मला विकायला काढलं. घेणाऱ्याने फोनवर बजावलं होतं, "काचेवर बोट उमटलं तरी सौदा मोडला."

तो मला न्यायला येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी फोटोवाल्याची बायको ठेवणीतली साडी नेसून स्टुलावर येऊन बसली.

"अहो, ही लेन्स जायच्या आधी हिच्यातून माझा एक फोटो काढा."

"आई, मी मोबाइलवर काढतो ना," मुलगा म्हणाला.

"तुझा मोबाइल सुरकुत्या मोजून दाखवतो मेला! डोळे बरे झाल्यावर बघायला काहीतरी चांगलं नको का?"

मुलाला हसू आलं, पण लगेच त्याचा चेहरा पडला. "रोल कुठून आणू? सगळी दुकानं पालथी घातली तरी मिळायचा नाही. बाबा, जपून हं. लेन्सला काही झालं तर आईचं ऑपरेशन राहील."

म्हाताऱ्या फोटोवाल्याने कॅमेरा उचलला. काचेला बोट लागू दिलं नाही. सवयीने म्हणाला, "बाई, हनुवटी जरा वर. हं, इकडे बघा."

"बाई काय! बायको आहे मी तुमची."

ती हसली आणि तेवढ्यात खटका वाजला.

मी तिला पाहिलं. इतकी वर्षं पडद्याआड असलेला चेहरा अगदी समोर, कडांना मऊ उजेड. पण मला फक्त बघता येतं. धरून ठेवणं रोलचं काम, आणि माझ्या पाठीमागे रोल नव्हता.

"हा कोरा ना?" तिने विचारलं.

"हो."

"मग खरा?"

त्याने कॅमेरा अलगद खाली ठेवला. ती नुसती बसून राहिली, हनुवटी तशीच वर धरून.

तुमच्या घरी माझ्यासारखं काही असेल, तर त्याचा भाव वाढायच्या आत ते घरच्यांसाठी वापरा. माझ्या हातात तर काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक आलं, त्याने माझ्यावर झाकण बसवलं आणि मला घेऊन गेलं.