खाडीतला वाटा

खारबावच्या खाडीला ओहोटी लागली की बायजाबाई पाटी घेऊन चिंबोऱ्या धरायला उतरायची. नवरा मोरू गेल्यापासून तिची चूल त्यावरच पेटायची. त्या सकाळी मात्र वाटेवर तारेचं कुंपण उभं होतं.

मुंबईच्या एका फंडाने बाजारातून पैसा उभा करून खाडी सावरायला घेतली होती. तिवरं जगली, मासे-पाखरं परतली, की तसे दाखले, निसर्गाची भरपाई केल्याचं दाखवू पाहणाऱ्या मोठ्या कंपन्यांना विकायचे आणि गुंतवणूकदारांना नफा द्यायचा. गावाला लागवडीचं काम आणि नफ्यात घरटी वाटा. घर कोणाला म्हणायचं, ते पंचांनी ठरवायचं.

पंचांत मोरूचा थोरला भाऊ दौलत होता.

"पुरुष न्हाय तं घर कसला?" तो म्हणाला.

"मंग काम तरी द्या, भाऊजी. रोपां मी बी लावीन."

"रांडव बाईचा हात लागल्यावर रोप जगंल काय?"

पंच हसले. फंडाचा साहेब मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "गावच्या रीतीत आम्ही पडत नाही."

दौलतची सून रीमा चोरून बायजाकाकीला भात नेऊन द्यायची. दौलतने ते ताट उकिरड्यावर पालथं केलं. मग बायजाबाई कुंपणाला वळसा घालून खोल चिखलात उतरू लागली. एके दिवशी कमरेपर्यंत रुतली आणि भरती चढली. राखणीवर रीमाचा नवरा धनेश होता. त्याने काकीच्या हाका ऐकल्या.

"होडी फंडाची हाय, बाबांनी हात लावू नको सांगितलेला," घरी येऊन तो एवढंच म्हणाला आणि जेवायला बसला.

बायजाबाईचं तेरावं व्हायच्या आत गुंतवणूकदार आले. मांडव घातला. सवाष्ण म्हणून पहिलं रोप रीमाच्या हाती दिलं. तिने ते खाली ठेवलं.

"काकी याच चिखलात मेली. माझ्या नवऱ्यानं तिच्या हाका ऐकल्या, तरी गेला न्हाय. तिला वाटा न्हाय, काम न्हाय, का तं ती रांडव! मी या रोपाला हात लावनार न्हाय."

साहेबाने पाहुण्यांकडे बघून हसत म्हटलं, "दुसरी बाई बोलवा."

दुसरी आली. फोटो निघाला. टाळ्याही झाल्या.

दौलतने रीमाला घराबाहेर काढलं. आज ती गावातल्या दोन विधवांना घेऊन त्यांच्या वाट्यासाठी भिवंडीच्या तहसील कचेरीत खेटे घालते आहे. कुंपणाआड तिवरं जोमाने वाढली आहेत आणि फंडाचा भावही. वाचकहो, आपली बचत अशा कोणत्या हिरवाईत गुंतली आहे, आणि तिथून कोणाला हाकललं गेलं, हे आपण कधी विचारलं आहे का?