सैतान माझा आहे

आमच्या शहरात सैतानाच्या नावावर एकूण नऊ जागा आहेत. सैतानाचं कोपर म्हणजे एक रस्त्याचं वळण, सैतानाचा घसा म्हणजे गटाराचा बोगदा, सैतानाची चूल म्हणजे टेकडीवरचे तीन काळे दगड. एवढी मालमत्ता आमच्या साहेबांचीही नाही. मी नकाशा विभागात एकवीस वर्षं काढली, पण या नावांचा मला कधी त्रास झाला नव्हता. त्रास झाला तो परिपत्रकाचा.

नवा नकाशा महिन्याभरात छापायचा होता आणि त्यावर अशुभ नावं नको होती. प्रत्येक नावासाठी एक अर्ज, आणि अर्जात ‘नावाचा उगम’ या मथळ्याखाली दोन चौकटी: ‘व्यक्ती’ आणि ‘अन्य’. नाव एखाद्या माणसावरून पडलं असेल तर राहणार, नाहीतर जाणार. “साहेब, सैतान व्यक्तीत धरायचा की अन्यमध्ये?” मी सरळ मनानं विचारलं. साहेबांनी डोळे वटारले आणि मला जागेवर जाऊन चौकशी करायला सांगितलं.

आठ नावं दोन दिवसांत निकालात निघाली. नवव्यानं मात्र माझ्या नाकीनऊ आणले. खालच्या बाजारातून वरच्या वस्तीत जाणारा दगडी जिना आहे, एकशे बारा पायऱ्यांचा. त्यातली एकोणचाळिसावी सैतानाची पायरी. तिथं येणारा-जाणारा ठेचकाळतो आणि दोन शिव्या हासडून पुढं जातो. मी टेप घेऊन गुडघ्यांवर बसले आणि मोजलं. पायरी अगदी मापात होती. तिच्या आधीच्या दोन बुटक्या होत्या. पाय त्या दोघींच्या उंचीला सरावायचा आणि हिला अडकायचा. म्हणजे गुन्हा दोघींचा आणि बदनामी तिसरीची. हे अर्जात कुठं लिहायचं ते मला कळेना.

जिन्याखालच्या न्हाव्यानं सांगितलं की गवंड्याची मजुरी बुडवली म्हणून त्यानं मुद्दाम तशी पायरी बसवली. त्याच्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकानं तोंडाला साबण असतानाच सांगितलं की साफ खोटं आहे, तिथं एक गवळण पडली होती. वरच्या वस्तीतले निवृत्त मास्तर म्हणाले, “मूळ शब्द सातठाण. घोडे बांधायची सात ठाणी होती तिथं. लोकांनी जीभ वळेल तसं सैतान केलं.”

“मास्तर, घोडे जिन्यावर कशाला चढतील?”

“तो तुमचा विषय,” म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

माझं डोकं भंजाळून गेलं. मी त्या पायरीवरच टेकले, तेवढ्यात शेजारची खिडकी उघडली. काज-बटणं करून देणाऱ्या एक मावशी तिथं एका खोलीत राहतात. बोटात शिवणाचं अंगुस्तान, केसांना दोरे चिकटलेले.

“कचेरीतल्या ना तुम्ही? दिवसभर ऐकतेय. काय वाटेल ते सांगतात मेले. सैतान माझा आहे.”

“तुमचा म्हणजे?”

“म्हणजे मुलगा माझा. इथंच बसून असायचा, जाणाऱ्यांच्या टोप्या उडवायचा. मी खिडकीतून ओरडायची, सैताना, घरात ये! सगळा जिना ऐकायचा. मग लोक म्हणायला लागले, सैतानाच्या पायरीपाशी भेट, सैतानाच्या पायरीशी वळ.”

मुलगा एकोणिसाव्या वर्षी जहाजावर कामाला गेला. दोन वर्षं पत्रं आली, पत्त्यावर फक्त ‘सैतानाची पायरी’ लिहिलेलं, आणि तेवढ्यावर ती पोचायची. मग थांबली. त्याला आता चोवीस वर्षं झाली. “घरं पडली, दुकानं बदलली, त्याला काही ओळखू येणार नाही,” मावशी म्हणाल्या. “पायरी तेवढी कुठं म्हणून विचारील. तुम्ही नाव पुसलंत तर विचारील काय?”

मला गहिवरून आलं, आणि खरं सांगायचं तर हायसंही वाटलं. व्यक्ती सापडली होती! मी कचेरीत येऊन ‘व्यक्ती’वर ठसठशीत खूण केली. साहेबांनी पुरावा मागितला. शाळेचा दाखला काढला तर त्यावर भलतंच नाव. तेही ठीक होतं, टोपणनाव म्हणून चाललं असतं. पण मला कुठून बुद्धी झाली कोण जाणे, मी कपाटातला जुना नकाशा उघडला. अठ्ठावन्न वर्षांपूर्वीचा. मुलगा असलाच तर आज पंचेचाळिशीचा. आणि नकाशावर जिन्याच्या मधोमध मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं: सै. पायरी.

सै. म्हणजे सैतान? की सैनिक? की नुसतीच सैल? ज्यानं लिहिलं त्याला जागा वाचवायची होती, आणि मी मात्र कपाळाला हात लावून बसले.

दुसऱ्या दिवशी मी मावशींना विचारलं, “तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा पायरीला काय म्हणायचे?”

“पायरीच म्हणायचे,” त्या म्हणाल्या. मग सुई थांबली. “सासूबाई म्हणायच्या, सैतानापाशी जपून उतर… पण ते तो झाल्यावर, की आधी?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मलाच ठाऊक असावं. “आधी असेल तर मग मी त्याला पायरीवरून म्हणायला लागले का हो? का पायरीला त्याच्यावरून?”

मला कुणी विचारलं असतं तर त्या घटकेला मी स्वतःचं नावही छातीठोक सांगितलं नसतं.

तोडगा काढला साहेबांनी. एरवी मी त्यांची टर उडवते, पण त्या दिवशी मनापासून नमस्कार केला. जुनं नाव रद्द करायचं आणि पायरीला मुलाचं दाखल्यावरचं नाव द्यायचं. व्यक्ती ती व्यक्ती, पुरावा तो पुरावा, आणि अशुभ काही उरत नाही. मी स्वतः टिपण लिहिलं, तीन टेबलांवर सह्यांसाठी उभी राहिले. आदेश निघाला, नकाशा छपाईला गेला, पाटी रंगवायला गेली. मावशींना कागद दाखवायला मी जिना जवळजवळ पळत चढले, आणि अर्थातच ठेचकाळले.

मावशींनी चष्मा शोधला, सापडला नाही, म्हणून मीच वाचून दाखवलं. पाच अक्षरांचं भारदस्त नाव, त्याच्या आजोबांनी ठेवलेलं. मावशींनी ते हळूहळू पुन्हा म्हटलं, पाहुण्याचं म्हणावं तसं.

“हे त्याचं नाव,” मी म्हणाले. “आता कायमचं राहील मावशी, कुणी पुसू शकणार नाही.”

“हो. शाळेत घालताना मास्तरांना हेच सांगितलं होतं.”

त्या उठल्या, खिडकी उघडली आणि चौकटीला धरून त्या नावानं हाक मारली. आवाज निघालाच नाही नीट. घसा साफ करून पुन्हा मारली. पाच अक्षरं लांबवायची कुठं तेच त्यांना समजेना. मधल्या अक्षरावर आवाज चढला आणि शेवटचं तोंडातच राहिलं. जिन्यावरून माणसं चढत-उतरत होती. एकानंही मान वर केली नाही.

मावशी माझ्याकडे वळल्या. रागावलेल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“तुम्ही चांगलंच केलंत बाई,” त्या म्हणाल्या. “पण या नावाला तो ओ देत नाही.”