रोहूच्या डोक्यातला दाणा

"पाण्यातच कस राह्यला नाय गं," माझ्या सासूबाई, मोतीबाई, माझ्या कानाशी कुरकुरल्या. "मासळीचा काय दोष?"

कुंभिवलीच्या आमच्या तळ्याकाठच्या हौदात तीन माद्या होत्या. पोटं टम्म, पण अंडी घालायचं नाव नाही. रोहू साठल्या पाण्यात आपणहून अंडी सोडत नाही. दुसऱ्या पिकल्या रोहूच्या डोक्यातली ग्रंथी काढून, वाटून, तिची सुई द्यावी लागते. आता तयार औषधही मिळतं. पण आमच्याकडे ग्रंथीच, आणि ती काढणार सासूबाईच. कवटीचं झाकण उडवायचं, चरबी कापसाने टिपायची, मेंदू अलगद उचलायचा. खाली पातळ पडद्याआड पांढरा दाणा, मोहरीपेक्षा जरा मोठा. तो न फोडता अल्कोहोलच्या बाटलीत टाकायचा. तीस वर्षं हे चाललंय. मी शेजारी बसून बघूनच शिकले. चिमटा मात्र कधी माझ्या हाती आला नाही.

गेल्या वर्षी निम्म्या माद्या तशाच राहिल्या. यंदा तिघींना सुई देऊनही काही नाही, आणि आज सकाळी त्यातली एक पोटातल्या अंड्यांसकट मेली. उरलेल्या दोघींना संध्याकाळी पुन्हा सुई लागली नाही, तर त्यांचंही तेच होणार.

लेक रुचिता कर्जतच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. आमच्या बाटलीतले चार दाणे तिने नेले होते. त्यांचे काप करून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली काढलेले फोटो तिने मला आणि तिच्या बाबांना दाखवले. एका दाण्यात पेशी दाटीवाटीने बसलेल्या, मधल्या भागातल्या तर कणांनी गच्च भरलेल्या.

"हे कण अंडी पिकवतात," ती म्हणाली. मग उरलेले तीन दाखवले. नुसती रिकामी, गोल घरं, जाळीसारखी.

"ही काय?" मी विचारलं.

"चरबी." तिने आजीकडे पाहिलं आणि फोन पालथा ठेवला.

"अल्कोहोलच भेसळीचं असेल," नवरा म्हणाला.

"असेल बाई," मी म्हटलं. अल्कोहोलने ग्रंथीची चरबी होत नाही, हे आम्हां तिघांनाही कळत होतं.

तेवढ्यात सासूबाईंनी ताज्या रोहूचं डोकं पाटावर घेतलं. झाकण एका घावात उडालं. हात अजून तसाच देखणा. मेंदू उचलला. दाणा मला लख्ख दिसला. चिमटा त्याच्या शेजारून गेला आणि चरबीचा बारका गोळा घेऊन वर आला. गेल्या आषाढातही असाच आला होता. तेव्हा मी काही न बोलता ती कवटी आतल्या दाण्यासकट मांजरापुढे टाकली होती. म्हटलं, म्हातारीला कशाला दुखवा.

"घावला बघ," त्या म्हणाल्या. "आन गं बाटली."

नवरा तळ्याकडे बघत राहिला. रुचिता माझ्याकडे.

मी त्यांचं मनगट धरलं. "चिमटा माझ्याकडं द्या, आई. तुमाला दिसत नाय आता. गेल्या वर्षीच मी बघितलं होतं, आन गप बसले."